चूकदुरुस्ती

पुतण्याच्या दाखल्याला पन्नासच्या आधीचा कागद पाहिजे होता,
म्हणून भर मे महिन्यात मी मेलेल्यांच्या मागे लागले.

सीताबर्डीच्या वाचनालयात जुन्या पेपरांचे गठ्ठे.
पान उलटलं की कोपरा हातात येतो,
भाजल्या पापडासारखा.
ग्रंथपाल म्हणाले, "पंखा नाही लावत जी, अक्षरं उडतात."

एक्कावन्नचा मार्च, पान तिसरं.
वर केसतेलाची जाहिरात, खाली सरकीचे भाव,
मधल्या दोन बोटं जागेत माझे पणजोबा:

विणकर सोसायटीचे चिटणीस ठकूजी गणबाजी पौनीकर
यांचे सोमवारी पहाटे अल्पशा आजाराने निधन झाले.
त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगा व चार मुली
असा परिवार आहे.

चार?
मी बोटांवर मोजलं. सुगंधा, बिजा, गया.
पुन्हा मोजलं.
आजोबा भाऊबीजेला तीनच घरी जायचे,
तीन नारळ, तीन खण, सायकलच्या हँडलला एक पिशवी.

गयाबाई अजून आहेत, तांडापेठेत, शहाऐंशीच्या.
चण्याची भाजी निवडत होत्या.
"छापणाऱ्याचं चुकलं असंल," म्हणाल्या,
आणि निवडलेली भाजी
परत न निवडलेल्या ढिगात टाकली.

दुसऱ्या दिवशी तोच गठ्ठा पुन्हा मागितला.
आता मला जात नको होती, दाखला नको होता,
नुसती पानं पुढं पुढं उलटत गेले.
शुक्रवारचा अंक. हरवलेल्या बैलाच्या शेजारी, दोन ओळी:

चूकदुरुस्ती. कै. पौनीकर यांच्या निधनवार्तेत
'चार मुली' असे छापले गेले. तेथे 'तीन' असे वाचावे.

म्हणजे कुणीतरी उन्हात चालत पेपरच्या कचेरीत गेलं होतं.
सुतकातलं, अनवाणी, डोकं नुकतंच भादरलेलं.
घरात पुरुष एकच होता.
आणि त्याच्या आधी, सोमवारी,
बातमी न्यायला आलेल्या माणसाला
दाराआडून कुणीतरी सांगितलं होतं: चार.
घरात आई एकच होती.

महापालिकेच्या जन्म-मृत्यू खिडकीवर
बाबूनं तीनदा चहा पिऊन रजिस्टर काढलं.
सुगंधाचं पान वाळवीनं खाल्लेलं.
बिजाचं सालच गहाळ.
आजोबा खेड्यावर जन्मले, गयाबाई कुणी लिहिल्याच नाहीत.
एकतीसचा नोव्हेंबर तेवढा शाबूत:

बाप: ठकू वल्द गणबा. धंदा: विणकाम.
जात: काळ्या शाईत, गोल अक्षरात, अगदी स्पष्ट.
अपत्य: मुलगी.
नाव:

नावाचा रकाना कोरा. बारशाआधी नोंद करायचे तेव्हा,
नंतर कोण जातं सांगायला.

"चांगला पुरावा आहे मॅडम," बाबू म्हणाला,
"याच्यावर पोट्ट्याचं काम होऊन जाईन."

मृत्यूची रजिस्टरंही पाहिली. साठपर्यंत, सत्तरपर्यंत.
ताप, पटकी, बाळंत, विहीर.
ती कुठंच नाही.

गयाबाईंना नकलेचा कागद दाखवला.
त्यांना वाचता येत नाही. तरी हातात धरून बसल्या,
उलटा.
"तिच्या कांडीचं सूत कधी तुटे नाही," म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळानं,
"नागभीडच्या छोट्या गाडीत बसली. इतवारीवरून.
मी चिवड्याची पुडी दिली होती. कोणाले सांगजो नको."
नाव विचारलं तर म्हणाल्या, भाऊ गेला ना आता?
गेले, म्हटलं, अठरा वर्षं झाली.
तरी दाराकडं बघितलं.

कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टायपिस्ट.
वंशावळीच्या शपथपत्रावर ठकूजीखाली
एक रेघ, दोन, तीन, चार, पाच.
"आजोबा मयत. सुगंधा मयत. बिजा मयत. गया हयात.
आणि ही?"
मी नाव सांगितलं. त्यानं एकेक अक्षर बडवलं.
या घराच्या कागदावर ते पहिल्यांदाच उमटत होतं.

"पुढं काय टाकू जी, मयत का हयात?"

त्याचं बोट वर थांबलेलं,
आणि माझ्यामागं रांगेत
आठ माणसं.